‘ड्रॉइंग मेल केलं म्हणजे एक्सपोर्ट थोडंच झालं?’

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजकांमध्ये एक व्हॉट्सॲप संदेश हातोहात पुढे जातोय. मजकूर थोडक्यात असा: माल बंदरातून सुटला तरच एक्सपोर्ट. मेलवर ड्रॉइंग धाडलं, परदेशी पाहुण्याला शॉपफ्लोअर फिरवून आणलं, तर परवाना-बिरवाना काही लागत नाही. निर्यात नियंत्रण हे तोफा-बंदुका बनवणाऱ्यांचं लचांड. अमेरिकेचा कायदा अमेरिकेत. एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही घेतली की विषय संपला. आणि तरीही शंका असेल तर, ‘कोण बघायलंय?’

आधी बंदराचं बघू. 1992च्या विदेशी व्यापार कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, तेव्हाच वस्तूंबरोबर तंत्रज्ञान आणि सेवाही त्यात आल्या. केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची (डीजीएफटी) स्कोमेट यादी म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या बाबींची यादी. तिच्यात नुसती यंत्रं आणि रसायनं नाहीत. ती विकसित करायला, बनवायला, वापरायला लागणारी माहितीसुद्धा आहे. यादीतल्या वस्तूचं प्रोसेस शीट, म्हणजे ती कशी बनवायची याचा कागद, जर्मनीला मेल केलं, तर ट्रक गेटबाहेर न पडताही एक्सपोर्ट झाला. शॉपफ्लोअरचा मुद्दा तर आणखी नाजूक. 2005च्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीच्या कायद्यानुसार सरकार एखादी बाब अधिसूचित करू शकतं. मग ती भारतात राहणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा नुसत्या भेटीला आलेल्या परदेशी माणसाला दाखवणं, देणं हाही गुन्हा ठरतो. अशी बाब कारखान्यात असेल, तर पाहुण्याचं विमान चिकलठाण्याला उतरलं की दिल्लीला, याने काही फरक पडत नाही.

‘फक्त शस्त्रवाल्यांसाठी’ हे स्कोमेट यादी न उघडताच लिहिलेलं वाक्य दिसतं. शस्त्रसामग्री तिच्या सहाव्या प्रवर्गात आहे; पण यादी शून्यापासून आठपर्यंत जाते. आठव्यात विशिष्ट अचूकतेची पाच-अक्ष सीएनसी यंत्रं, सेन्सर, लेझर, कूटलेखनाची (एन्क्रिप्शन) सॉफ्टवेअर असा सगळा नागरी आणि लष्करी, दुहेरी वापराचा माल आहे. भारत डिसेंबर 2017मध्ये वासेनार व्यवस्थेचा, म्हणजे शस्त्रं आणि अशा मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, सदस्य झाला. या प्रवर्गाची मांडणी तिच्याच यादीला धरून आहे.

आता अमेरिका. ‘त्यांचा कायदा त्यांच्याकडे’ यावर लोक सगळ्यात जास्त माना डोलावतात, आणि जॉबवर्क करणारा नेमका इथेच अडकतो. विमानाच्या किंवा संरक्षणाच्या पार्टचं अमेरिकन ड्रॉइंग उघडून बघा. टायटल ब्लॉकच्या शेजारी बारीक अक्षरात दोन-चार ओळी असतात: यातला तांत्रिक डेटा आयटार (संरक्षण सामग्रीसाठीचे) किंवा ईएआर (दुहेरी वापराच्या मालासाठीचे) या अमेरिकी निर्यात नियमांखाली येतो, परवानगीशिवाय पुढे देऊ नये. आपल्याकडे होतं काय? ग्राइंडिंगवाल्याला रेट विचारायचा म्हणून सुपरवायझर मोबाइलवर फोटो काढतो. डायमेन्शन नीट दिसावीत म्हणून तो कोपरा कापतो आणि धाडतो. कोपरा कापला तरी बंधन सुटत नाही. आयटारची मंजुरी ठरावीक कामाला आणि ठरावीक पक्षांना असते. त्यात नाव नसलेला सबव्हेंडर शेजारच्या प्लॉटवरचा असो, नाहीतर तैवानचा, त्याला आधी मंजुरी हवी. हनीवेलसारख्या अवाढव्य अमेरिकी कंपनीने कोटेशनसाठीच अशी 71 ड्रॉइंग चीन, तैवान, मेक्सिकोसारख्या देशांत पाठवली होती. ते प्रकरण 2021मध्ये 1.3 कोटी डॉलरच्या दंडावर मिटलं.

देशाबाहेर काहीच गेलं नाही तरी भागत नाही. अमेरिकेतच बसलेल्या परदेशी नागरिकाला नियंत्रित तंत्रज्ञान दाखवलं, तरी ते त्याच्या देशाला निर्यात केल्यासारखं धरतात. टेनेसी विद्यापीठाच्या जे. रीस रॉथ या प्राध्यापकाने हवाई दलाच्या ड्रोन-संशोधनातली माहिती आपल्याच प्रयोगशाळेतल्या चिनी आणि इराणी विद्यार्थ्यांना हाताळू दिली. 2009मध्ये त्याला चार वर्षांची कैद झाली. संभाजीनगरचा पोरगा तिकडे एमएस करताना एखाद्या प्रयोगशाळेच्या दाराशी अडवला जातो, त्यामागे बऱ्याचदा हाच नियम असतो.

एनडीए हा दोन कंपन्यांमधला करार. माहिती फुटली तर भरपाई कोणी द्यायची, एवढंच तो ठरवतो. सरकारी परवान्याची जागा तो घेऊ शकत नाही.

राहिलं ‘कोण बघायलंय?’ बघणारा बहुधा ग्राहकच असतो. ऑडिटला आला की ड्रॉइंग कोणाकोणाकडे गेलं याचं रजिस्टर मागतो, आणि ते नसेल तर पुढची ऑर्डर दुसरीकडे. आपल्या कायद्यातला दंड मालाच्या, सेवेच्या किंवा तंत्रज्ञानाच्या किमतीच्या पाचपट जाऊ शकतो. स्कोमेटच्या नोंदीही पाच वर्षं जपाव्या लागतात. तेव्हा निदान ते मेल तरी डिलीट मारू नका.

संदेशामागची एक भीती मात्र खरी आहे. उद्या दुचाकीच्या ब्रॅकेटलाही परवाना मागतील की काय, असं लहान कारखानदाराला वाटतं. तसं होत नाही. वाळूजमधला बहुतांश वाहन उद्योगाचा माल या याद्यांत येतच नाही. जे आधीच सार्वजनिक आहे, म्हणजे छापील कॅटलॉग, प्रकाशित शोधनिबंध, तेही बाहेर. विद्यापीठात येमेनच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातलं थर्मोडायनॅमिक्स शिकवायला कोणाला विचारावं लागत नाही. पण ड्रॉइंगवर ती बारीक ओळ असेल, तर फोटो काढण्याआधी ज्याने ड्रॉइंग दिलं त्याला मेल करून लेखी विचारायचं.