नव्या ग्रहावर जाताना जुनी भांडणं सोबत न्या

तुमचं वय अठराच्या आत असेल, हातून काहीतरी गुन्हा घडला असेल आणि वरच्या मंडळींना अचानक तुमच्या भवितव्याची काळजी वाटू लागली असेल, तर निघायची तयारी ठेवा. तुम्हाला अनोळखी जगात पाठवायचं ठरलंय. तिथली हवा श्वास घेण्याजोगी आहे का, असं विचारू नका. तेच कळावं म्हणून तर तुम्हाला पाठवतायत.

पद्धत आजमावलेली आहे. सीडब्ल्यू या अमेरिकी वाहिनीवर 2014 ते 2020 अशी सात पर्वं चाललेली 'द हंड्रेड' बघा. अणुयुद्धात पृथ्वी बेचिराख होऊन 97 वर्षं झालीत आणि उरलेली माणसं 'आर्क' नावाच्या अंतराळस्थानकात राहतायत. तिथला प्राणवायू संपत आलाय. ही बातमी लोकांच्या कानावर घालायला निघालेल्या इंजिनिअरला दार उघडून थेट अंतराळात सोडून देतात, त्याच्या मुलीला, म्हणजे क्लार्कला, कोठडीत टाकतात आणि मग तिच्यासकट शंभर अल्पवयीन कैद्यांना खाली पृथ्वीवर धाडतात. जगलात तर गुन्हे माफ. मेलात तरी शंभर नाकं कमी झालीच. पृथ्वी म्हणजे परग्रह कसा, अशी शंका काढू नका. जन्मात जमिनीला पाय न लागलेल्यांना ती परकीच. शिवाय सहाव्या पर्वात खराखुरा परका चंद्रही येतो, दोन सूर्यांसह. तिथली झाडं मात्र कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातलीच, कारण चित्रीकरण तिथलंच.

यान खाली येत असताना पट्टे सोडून तरंगून दाखवा. पहिल्या भागात एकजण तसं करतो, त्याचं बघून दोघं करतात आणि ते दोघं मरतात. ज्याने सुरुवात केली तो सुखरूप उतरतो, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

उतरल्यावर आधी वरच्यांशी संपर्क तोडा. मुलांच्या मनगटात पट्ट्या असतात, त्यांवरून कोण जिवंत आहे हे आर्कवर कळत असतं. बेलामी नावाचा तरुण, जो आर्कच्या प्रमुखाला, म्हणजे खुद्द चॅन्सेलरला, गोळी घालून यानात घुसलाय, सगळ्यांना त्या पट्ट्या काढायला लावतो. वरून कोणी आलं तर फास त्याच्याच गळ्याला बसणार ना. मग आर्कवरची मेकॅनिक रेवन जुनाट यान दुरुस्त करून एकटी खाली येते, सोबत रेडिओ आणते. बेलामी तो उपटून नदीत फेकतो. भलं करायला निघालेल्या मंडळींना आता घाई होते. वर निरोप पोचावा म्हणून ती रेवनच्या यानातले अग्निबाण आकाशात सोडतात. निरोप उशिरा पोचतो. तोवर वर तीनशेवर माणसांनी बाकीच्यांना हवा पुरावी म्हणून आपण होऊन जीव दिलेला असतो. अग्निबाण मात्र वेळेवर पडतात, तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका गावावर, आणि गाव जळून खाक होतं.

आता इथे नवशिके चुकतात. गाव जाळल्यावर माफी मागावी, असं त्यांना वाटतं. तसं काही करू नका. गाव जळालंय हे मुळात तुम्हाला ठाऊकच नसायला हवं. पुलावर वाटाघाटीला जाल तेव्हा समोरची अन्या, म्हणजे त्या रहिवाशांची पुढारी, तुम्हाला ते ऐकवेल, त्या वेळी खऱ्याखुऱ्या आश्चर्याने सांगा, की तो तर आमच्या घरच्यांसाठीचा इशारा होता. ऐकणाऱ्याला केवढा दिलासा! या भेटीला शस्त्र आणायचं नाही असं ठरलेलं असतं. म्हणून बंदूकवाले मित्र झुडपात लपवा. तेही त्यांचे तिरंदाज झाडांवर बसवतील. मग तुमच्यातला सगळ्यात घाबरट पोरगा आधी गोळी झाडेल आणि युद्ध कोणी सुरू केलं हा वाद पुढची काही पर्वं पुरेल.

स्थानिकांची भाषा शिकण्यात वेळ दवडू नका. त्यांची ट्रिगेडास्लेंग ही बोली डेव्हिड पीटरसन या भाषातज्ज्ञाने मालिकेसाठी मुद्दाम रचलीय, तिला व्याकरणसुद्धा आहे, पण त्यांचे योद्धे तुमच्याशी छान इंग्रजी बोलतात. आक्रमणाची सोय आक्रमण होणाऱ्यांनीच करून ठेवावी, असा हा सुसंस्कृत ग्रह.

न्यायनिवाडा लवकर उरका. चॅन्सेलरच्या मुलाचा खून झाला आणि सुरीवर त्या शंभरांतल्या मर्फीच्या नावाची अक्षरं सापडली, तर जमावासमोर त्याचं नाव घ्या. दोर आपोआप येतो. तो लटकत असताना एक लहान मुलगी पुढे येऊन खून मी केला म्हणेल, तेव्हा त्याला खाली उतरवा. आणि मग काही झालंच नाही अशा थाटात, थोड्या वेळाने त्याच मर्फीला हाकलून द्या. (मला विचाराल तर सगळ्या मालिकेत शहाणा माणूस हा मर्फीच. त्याला फक्त स्वतःचा जीव वाचवायचा असतो आणि तो तसं सांगतोही.)

बाकीच्यांचं तसं नसतं. बाकीच्यांना 'आपली माणसं' वाचवायची असतात, आणि हे एवढं वाक्य पाठ असलं की नेतृत्वाचं बाकी काही शिकावं लागत नाही. यानाचं दार लावून इंजिन पेटवलं आणि बाहेरचे तीनशे योद्धे जळाले: आपली माणसं. बाहेरची किरणोत्सारी हवा न सोसणारी माणसं राहतात त्या माऊंट वेदर नावाच्या डोंगराच्या तळघरात किरणोत्सार आत सोडणारी खटकी ओढली आणि जेवणाच्या टेबलाभोवतीची म्हातारी, पोरं, ज्यांनी तुमच्या मित्रांना लपवलं तीही, सगळी जागच्या जागी मेली: आपली माणसं. खटकी ओढून झाल्यावर चेहरा उदास ठेवा आणि एकटेच जंगलात निघून जा. उदास चेहऱ्याच्या माणसाला कोणी हिशोब विचारत नाही. उलट परत याल तेव्हा 'वानहेडा', म्हणजे मृत्यूची सेनानी, अशी पदवी मिळालेली असेल.

प्रेमात पडायचं तर समोरच्याची आधी समजूत काढा. क्लार्कचा प्रियकर फिन तिच्याच सुरीने जातो, तिची प्रेयसी आणि मूळ रहिवाशांची सेनानी लेक्सा क्लार्कवर झाडलेल्या गोळीने. लेक्साच्या मरणावरून 2016 मध्ये चाहते इतके खवळले, की त्या रागातून समलिंगी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणग्या गोळा झाल्या. मालिकेने केलेलं सगळ्यात भरीव समाजकार्य बहुधा तेच. बेलामीला क्लार्क सातव्या पर्वात स्वतः गोळी घालते, कारण त्याच्या हातातली चित्रांची वही शत्रूच्या हाती जाऊ द्यायची नसते. गोळी घालून ती निघून जाते. वही तिथेच राहते.

मध्यंतरी पृथ्वी पुन्हा जळते आणि मंडळी 125 वर्षं शीतनिद्रेत झोपून त्या परक्या चंद्रावर पोचतात. जागं राहून म्हातारा झालेला माँटी मरण्यापूर्वी निरोप ठेवून जातो: या खेपेला जरा बरं वागा. सगळ्यांचे डोळे भरून येतात. डोळे भरणं जमवाच, त्याला काही खर्च नाही. पुढे ग्रहण लागतं, तिथल्या वनस्पती विष सोडतात आणि सगळे भ्रमिष्ट होऊन एकमेकांच्या जिवावर उठतात. विष उतरल्यावरही साधारण तेच चालतं, त्यामुळे वनस्पतींना किती दोष द्यायचा, ते तुम्ही ठरवा.

शेवटी एक परीक्षा असते. मानवजात पुढे जायच्या लायकीची आहे का, हे प्रगत परग्रहवासी तपासणार असतात. शत्रूंचा म्होरक्या कॅडोगन सगळ्यांच्या वतीने परीक्षेला बसलेला असतो. क्लार्क आत शिरते आणि परीक्षा चालू असताना त्याला गोळी घालते. परीक्षा तिच्या गळ्यात पडते, आणि ती नापास होते. परीक्षकांचा यात काही दोष आहे असं मला तरी वाटत नाही. मग रेवन आत जाऊन मुदत मागते. तिकडे रणांगणावर बेलामीची बहीण ऑक्टेव्हिया दोन्ही सैन्यांच्या मधे उभी राहून शस्त्रं खाली ठेवा म्हणते. आणि ते ठेवतात! काही मिनिटांत.

ही युक्ती नीट लपवून ठेवा. पुलावरच्या त्या पहिल्या भेटीत कोणाला सुचली असती, तर वाहिनीने बाकीचे नव्वद भाग कशाचे केले असते?