नाणी आहेत म्हणे, पण कुठे?

दर तिमाहीला तेच. आम्ही भागधारकांनी बिटकॉइन हे डिजिटल नाणं साठवणाऱ्या कंपनीचा अहवाल उघडायचा, पानं उलटत राहायचं आणि शेवटी ‘डिजिटल मालमत्ता’ असा एका ओळीचा आकडा पदरात पाडून घ्यायचा. अहो, पण नाणी किती? सरासरी कितीला घेतली? ती हलवायला लागणारे गुप्त संकेत, म्हणजे चाव्या, कुणाकडे? कर्जापोटी तारण किती ठेवलीत? सगळं चिडीचूप!

ज्या बिटकॉइनची खातेवही २००९पासून जगात कुणालाही उघडून बघता येते, तेच बिटकॉइन कंपनीच्या तिजोरीत गेलं की गुपित होतं. नाणी त्या खातेवहीत ज्या पत्त्यांवर (खाते क्रमांकासारखेच ते) नोंदलेली असतात, ते जाहीर करा म्हटलं की सुरक्षेचं कारण पुढे. बरं, पत्त्यावरून माग काढता येतो, हे मान्य. (चावी मिळत नाही, हेही खरं.) मग निदान लेखापरीक्षकाने नेमकं काय तपासलं ते तरी सांगा! आणि नुसते पत्ते दाखवून तरी काय, कंपनीची देणी किती ते ब्लॉकचेनवर, म्हणजे त्या खुल्या खातेवहीत, थोडंच दिसतं?

अमेरिकेत १५ डिसेंबर २०२४ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून बिटकॉइनसारखी नाणी बाजारभावाने दाखवणं सक्तीचं झालं. छान. आता भाव चढला की नफा मथळ्यात, आणि पडला की ‘हा केवळ कागदोपत्री तोटा’!

खरेदीची बातमी मात्र ढोल वाजवत येते. ती नवे शेअर काढून केली, आमचा वाटा पातळ झाला, हे तळटीपेत, मुंगीएवढ्या अक्षरात. बसलोय भिंग घेऊन.