तीनदा गाळलं तरी ते तळणाचंच तेल

रविवारी सकाळी आत्तेचा फोन आला. फोंड्यात तिची खानावळ आहे. दुपारी मासळीची थाळी, संध्याकाळी भजी. हॅलोसुद्धा न म्हणता तिने सुरुवात केली, "एवढी वर्षं डिझेल इंजिनांच्या पंपांची कामं करतोस आणि घरच्यांना ही गोष्ट सांगितली नाहीस?" पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज. उघडायच्या आधीच मी ओळखला. गेल्या चवथीला नेवऱ्या तळून झाल्या तेव्हापासून हा माझ्याकडे दर महिन्या-दोन महिन्यांनी कुठून तरी येतोच.

ज्यांना अजून आला नसेल (असे भाग्यवान थोडेच) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तळणाचं उरलेलं तेल फेकू नका. सुती कापडातून तीन वेळा गाळा. गरम असतानाच पाच लिटरला एक लिटर पेट्रोल घाला, म्हणजे पातळ होतं. मग थेट डिझेल गाडीत ओता. रुडॉल्फ डिझेलने इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवलं होतं, तेल कंपन्यांनी ते दडपलं. प्रदूषण शून्य. सरकारची योजनाही आहे. प्रत्येक गोवेकरापर्यंत पोचवा.

आत्तेने दोन डबे गाळून तयार ठेवले होते. पेट्रोल आणून द्यायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तेवढं मी आणावं यासाठी तो फोन. म्हणजे माणूस मोकळा असता तर त्या रविवारी माझी पासष्टीची आत्ते पेटलेल्या शेगडीशेजारी उभी राहून गरम तेलात पेट्रोल ओतणार होती. म्हणून त्या ओळीपासूनच सुरू करतो. बाकीच्या ओळींनी फार तर गाडी मरेल.

तळणाचं तेल कढईत १७०-१८० अंशांना असतं. पेट्रोलचे हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांतच उकळायला लागतात. तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं ते तळणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तेच पेट्रोलने होतं, फक्त इथे उडणारी वाफही पेट घेते. आणि तेल कोमट असलं म्हणून सुटका नाही. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी सुटते, मग फोंड्याच्या उकाड्यात काय घेऊन बसलात. ती हवेपेक्षा जड असते. वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि शेगडी, फ्रीजचं बटण, देवापुढची निरांजन, जे पहिलं सापडेल तिथे पेटते. आणि तेलाच्या आगीवर घाबरून कोणी पाणी ओतलं, तर ती छतापर्यंत जाते. ज्याने "गरम असतानाच" हे दोन शब्द लिहिले त्याने आयुष्यात कधी कढईसमोर उभं राहून भजी तळलेली नाहीत, हे मी लिहून देतो.

एवढं करून ते मिश्रण इंजिनाला तरी चालतं का? नाही. इंजिनाच्या डिझेल पंपातल्या प्लंजरांना (इंधन दाबणारे दट्टे) वेगळं वंगण नसतं, ते डिझेलच्याच ओलाव्यावर सरकतात. पेट्रोल तो ओलावा धुऊन काढतं. चरे पडलेले प्लंजर आमच्याकडे येतात तेव्हा मालक हमखास म्हणतो, "काही घातलं नव्हतं."

आता गाळणं. लोकांना वाटतं, तेल काळं दिसतं ते जळक्या रव्यामुळे. रवा गेला की तेल शुद्ध. पंच्याने रवा अडतो, कबूल. पण माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो आणि गाडीच्या डिझेल फिल्टरला त्याहून कितीतरी बारीक, पाच-दहा मायक्रॉनची घाण अडवावी लागते. पंचा तीनदा वापरा नाहीतर तीस वेळा, त्याची भोकं बारीक होत नाहीत. आणि खरी अडचण तर अडकणाऱ्या घाणीची नाहीच. बांगड्यातून सुटलेला पाण्याचा अंश, पुन्हा पुन्हा तापवल्याने सुटी झालेली आम्लं, जाड झालेले रेणू हे सगळं तेलात मिसळलेलं असतं. चहा गाळला की चोथा जातो. साखर जाते का?

आणि समजा, सगळी घाण काढलीत. तरी तेल जाडच. चाळीस अंशांना डिझेलचा दाटपणा आपल्या मानकाप्रमाणे २ ते ४.५ सेंटिस्टोक्स असावा लागतो. खाण्याच्या तेलाचा असतो ३० ते ४०. हे आकड्यांत कळत नसेल तर दुकानात या. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) तपासायचा हाताचा टेस्टर आहे. गेल्या डिसेंबरात मामेभावाला मी तेच करून दाखवलं होतं. नोझल लावलं, टेस्टरमध्ये डिझेल भरून दांडा मारला. बारीक धुकं उडालं, हात धरला तर फक्त गार लागतं (हात धरू नका, कातडीत शिरतं). मग त्याच नोझलमधून त्याच्याच टाकीतलं तेल मारलं. धुकं नाहीच, होळीच्या पिचकारीसारखी सरळ धार, आणि शेवटी नोझलच्या टोकाला एक थेंब लोंबत राहिला. तो थेंब इंजिनात जळत नाही, भाजतो. त्याचाच कार्बन होतो.

मामेभावाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण "पण आमच्या ओळखीत एकाची गाडी चालते" म्हणून त्याचंच नाव पुढे केलं जात होतं. तो साखळी गावचा. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला आणि जुना पिकअप घेतला, चोर्ला घाटातून बेळगावची भाजी आणतो. चवथीनंतर हा मेसेज वाचून त्याने अर्धं डिझेल, अर्धं तेल सुरू केलं. तेल दोन खानावळींतून फुकट मिळत होतं, बरंचसं खोबरेल. गाडी चालली. जुना साधा पंप होता, म्हणून चालली. दोन महिने तो मला टोमणे मारत होता. धीर चेपला तसं डिझेल कमी करत नेलं, शेवटी पाच लिटर डिझेल आणि वीस लिटर तेल.

खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, हे डिसेंबरात बाटली उन्हात ठेवणाऱ्या कुठल्याही गोवेकराला ठाऊक आहे. त्यालाही होतं. डोक्याला लावायचं तेल थिजतं आणि टाकीतलं थिजणार नाही, असं त्याला का वाटलं ते देव जाणे. पहाटे साडेचारला फोन आला, "गाडी सुरूच जायना रे." फिल्टर कापून पाहिला तर कागदाच्या घड्यांमध्ये पांढरं लोण्यासारखं गच्च बसलेलं, त्याला माशाचा वास. ते तर स्वस्तात गेलं असतं. पण डिपस्टिक ओढली तर इंजिन ऑइल काकवीसारखी तार धरत होतं. न जळलेलं तेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलेलं. इंजिन उघडलं, वरच्या रिंगा खाचांत चिकटलेल्या. दोन महिन्यांत वाचवलेले पैसे आणि इंजिन बांधायचा खर्च यांचा हिशोब त्याने मला मांडू दिला नाही.

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेच्या नॅशनल रिन्युएबल एनर्जी लॅबोरेटरीची बायोडिझेल हाताळणीची मार्गदर्शिका आहे, फुकट वाचायला मिळते. ही मंडळी बायोडिझेलच्या बाजूची आहेत, डिझेल कंपन्यांचे हस्तक नव्हेत. त्यांनी स्पष्ट लिहिलंय की कच्चं वनस्पती तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे, आणि ते नुसतं १० ते २० टक्के मिसळलं तरी कालांतराने कार्बन साचतो, रिंगा चिकटतात, इंजिन ऑइल घट्ट होतं. मामेभावाच्या इंजिनाचा पंचनामाच जणू. आणि त्यात वापरलेलं तेलही आलं. 

नव्या कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाड्यांबद्दल एकच वाक्य. तिथे दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि एका इंजेक्टरची किंमत ऐकून माणसं खुर्ची मागतात.

रुडॉल्फ डिझेलची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून जास्त चीड येते. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन खरंच शेंगदाणा तेलावर चाललं होतं. पण ते चालवलं ऑटो (Otto) नावाच्या कंपनीने, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून, कारण त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगदाणा मुबलक. ही हकिगत १९१२ मध्ये खुद्द डिझेलनेच लिहून ठेवली आहे. इंजिन मुळात शेंगदाण्यासाठी बनवलं, हे त्यात कुठेही नाही. शिवाय त्या काळची इंजिनं दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत फवारत. तुमच्या पिकअपमध्ये तसला कॉम्प्रेसर आहे का? आणि दडपलं कोणी? आपण तर १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन पाळतो आणि दरवर्षी शेंगदाण्याची हीच गोष्ट सांगतो.

प्रदूषण शून्य? साखळीतल्या शेजाऱ्यांना विचारा. चढावर काळा धूर आणि त्याला भज्यांचा वास.

सरकारी योजनेवर आत्ते अडून बसली. "सरकारानूच सांगलां मरे!" सांगितलंय, पण काय ते वाच ना. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ मध्ये लागू झाला, तेलातले ध्रुवीय घटक (पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की त्यात खाण्याचं तळायचं नाही. त्याच वर्षी 'रुको' योजना आली. वापरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्याला द्यायचं, त्याचं बायोडिझेल कारखान्यात होतं. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणं सक्तीचं आहे. आत्तेची खानावळ त्यात बसत नाही, पण तिला तेल द्यायला कोणी अडवलेलं नाही. टाकीत ओता, असं त्यात कुठेच नाही. गाडीचं इंधन परस्पर बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, आणि आरसीवर डिझेल लिहिलेलं असताना टाकीत बांगड्याचं तेल सापडलं तर विमेवाला काय म्हणेल ते वेगळंच.

एक गोष्ट मान्य करतो, दात-ओठ खात. हे तेल पुन्हा कढईत जाऊ नये आणि गटारात तर नकोच, हा मेसेजचा हेतू बरोबर आहे. संथ चालणारी जुनी पाणी उपसायची इंजिनं तेल चांगलं तापवून, आधी आणि शेवटी डिझेलवर चालवून काही काळ सांभाळता येतात, हेही खरं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी करंज तेलावर गावातली जनित्रं चालवली होती. पण ते इंजिनाशेजारी वही घेऊन बसलेले इंजिनिअर होते. आणि खरं बायोडिझेल करायला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा लागतो, त्यातून ग्लिसरीन वेगळं काढावं लागतं. मिथेनॉल पोटात गेलं तर आंधळं करतं, आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. आता कोणी याचाही घरगुती मेसेज बनवू नका, पाया पडतो.

आत्तेचे डबे मी उचलून आणलेत.

ज्यांनी आधीच टाकीत ओतलंय त्यांनी "बघूया होतं का" म्हणून स्टार्टर मारत बसू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, फिल्टर फेका, इंजिन ऑइल बदला, मगच डिझेल भरा. काळा धूर किंवा ठकठक राहिली तर नोझल काढून घेऊन या. दीड ते साडेतीन शटर बंद असतं.