टावी करायची तर हॉस्पिटलचा आकडा विचारा

भारतातल्या मित्रांमध्ये सध्या जोरात वाद चाललाय, की टावी, म्हणजे छाती न उघडता जांघेतून नळी घालून हृदयाची झडप बदलणं, फक्त मोठ्या सेंटरलाच करू द्यावं की कॅथलॅब (अँजिओग्राफी करतात ती खोली) असेल तिथे सगळीकडे. मी अमेरिकेत राहतो, इथे यावर बरंच भांडून झालंय.

इथे प्रत्येक केस नॅशनल रजिस्ट्रीत, म्हणजे देशभरच्या केसेसच्या एकाच नोंदवहीत, नोंदवावी लागते, नाहीतर मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, पैसे देत नाही. त्याच नोंदींवरून २०१९ मध्ये एक लाखाहून जास्त केसेसचा अभ्यास आला. वर्षाला सरासरी २७ टावी करणाऱ्या हॉस्पिटलांत ३० दिवसांत दगावणारे ३.१९ टक्के, १४३ करणाऱ्यांत २.६६, आणि हे पेशंट मुळात किती आजारी होते ते हिशोबात धरून. म्हणजे साधारण दोनशे पेशंटमागे एक जीव. मला हा फरक अजिबात छोटा वाटत नाही.

आपल्याकडे चर्चा 'सरांचा हात चांगलाय' इथेच थांबते. पण बलूनवाली, म्हणजे आत फुगा फुगवून बसवायची, झडप बसवताना हृदय मुद्दाम मिनिटाला १८० च्या आसपास पळवतात, म्हणजे रक्ताचा जोर कमी होतो आणि झडप सरकत नाही, त्या काही सेकंदांत अख्खी टीम एका तालात लागते. त्याआधी सीटीवर माप चुकलं असेल तर सर तरी काय करणार? आणि नंतर रात्री जांघेत रक्त साचतंय, ईसीजी बदलतोय, पेसमेकर लागेल की काय, हे आधी नर्सच्या लक्षात यायला हवं, वर्षाला चार-पाच केस बघून ती नजर येत नाही हो.

तरी इथला वर्षाला किमान २० टावीचा नियम जसाच्या तसा तिकडे लावा असं मी म्हणणार नाही. लांबच्या म्हाताऱ्या पेशंटची परवड होते, आकडा गाठायला गरज नसलेल्यांनाही टेबलवर घेतलं जाण्याची भीती असते, आणि छोट्या हॉस्पिटलांतही काहींचे रिझल्ट उत्तम असतात. पण कोणाचे, ते कळणार कसं? आता झडप आपल्याकडे वापीतही बनते, सेंटर वाढणारच, तर रजिस्ट्री आत्ताच सक्तीची करा आणि प्रत्येक हॉस्पिटलच्या केसेस आणि ३० दिवसांचे मृत्यू लोकांसमोर ठेवा. इथे रिझल्ट जाहीर करायचे की नाही ते हॉस्पिटलच्या मर्जीवर सोडलंय, ते मला पटत नाही, निदान ही सूट तरी आपण उचलू नये.