‘सगळं एकदम उचलून नेतो’ म्हणणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारा

घर रिकामं करताना किंवा ऑफिस हलवताना शेवटच्या दिवशी माणूस इतका वैतागलेला असतो की ‘सगळं एकदम उचलून नेतो, तुम्ही बघूसुद्धा नका’ असं कोणी भंगारवाला म्हणाला की देव भेटल्यासारखं वाटतं. गाडीवर हिरवं पान रंगवलेलं असेल तर मग विचारायलाच नको. फ्रिज, गादी, फायलींचे गठ्ठे, ट्यूबलाइट, प्रिंटर, जुने लॅपटॉप एकावर एक चढतात, दोर आवळला जातो आणि आपण हात झटकून मोकळे. मला या प्रकाराची मनापासून चीड आहे. पोस्ट लांबली आहे, सवडीने वाचा.

वस्तूचं पुढे काय होणार हे कारखान्यात कमी आणि आपल्या दारात जास्त ठरतं. वेगळा बांधून ठेवलेला कोरडा कागद हा कच्चा माल असतो. त्याच गठ्ठ्यावर ट्यूबलाइट फुटली की त्यात काचेचा चुरा आणि पारा जातो, आणि तो गठ्ठा कोणी हातात घेत नाही. ॲल्युमिनियम स्वच्छ हाती लागलं तर खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. तेच फोम, प्लायवूड आणि काचेच्या ढिगात दबलं की निवडून काढण्याचा खर्च परवडत नाही आणि अख्खा ढीग खड्ड्यात जातो. मिसळलं की संपलं, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. ‘होईल काहीतरी रीसायकल’ म्हणत नको त्या वस्तू चांगल्या मालात ढकलणारेही या घाणीत भरच घालत असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण चांगल्या हेतूने मशीन चालत नाही.

आता फ्रिज घ्या. मागच्या बाजूला खाली काळा, गोलसर कॉम्प्रेसर असतो. त्यात तांबं आणि लोखंड असल्यामुळे घाईत असलेल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते. कटरने तांब्याची नळी कापली की ‘फुस्स’ असा बारीक आवाज येतो आणि क्षणात थांबतो. तो आवाज म्हणजे आतला गॅस हवेत गेला. बऱ्याच फ्रिजमध्ये थंडावा देणारा आर-१३४ए नावाचा गॅस असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० ते १४०० पट तापमान वाढवतो. घरगुती फ्रिजमध्ये तो शंभर-दीडशे ग्रॅम असला तरी हिशेब दीडशे-दोनशे किलो कार्बन डायऑक्साइडपर्यंत जातो. फार जुन्या फ्रिजमधला आर-१२ त्याहून वाईट, तापमानालाही आणि ओझोनलाही. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन थांबत गेलं, पण कोपऱ्यात पडलेल्या फ्रिजला करार कुठे माहीत असतो! त्या काळातल्या फ्रिजच्या भिंतींमधल्या पिवळट फोमच्या बुडबुड्यांतही तसलाच गॅस कोंडलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो नळीतल्या गॅसपेक्षा जास्त भरतो. म्हणून नीट काम करणारे लोक आधी नळीतला गॅस आणि तेल पंपाने ओढून घेतात, मग फ्रिजचा सांगाडा बंद यंत्रात तोडून फोममधला गॅसही पकडतात. नवीन फ्रिजमधला आर-६००ए हवामानाला फारसा जड नाही, पण तो ज्वलनशील असतो. तिथे कटर चालवणारा माणूस स्वतःचाच जीव धोक्यात घालतो. तेव्हा फ्रिज देताना ‘किती देणार?’ याआधी ‘गॅस कोण काढणार?’ असं विचारा. समोरचा गोंधळून बघायला लागला तर उत्तर मिळालं समजा.

बॅटरीचं थोडक्यात. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली, आतले थर एकमेकांना टेकले की आग लागते, आणि ती विझवायला कठीण असते. सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवा. फुगलेली बॅटरी टोचू नका, वाकवू नका, चार्जिंगला तर लावूच नका. ब्लूटूथ इअरफोन, इलेक्ट्रिक टूथब्रश, आवाज करणारं खेळणं, या सगळ्यांत ती लपलेली असते हे लोक विसरतात.

खरं तर रीसायकलिंग हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. त्याचा नंबर बराच मागचा आहे. आधी वापरत राहणं, मग दुरुस्ती, मग अख्खी वस्तू दुसऱ्याला देणं, मग सुटे भाग, आणि काहीच जमलं नाही तर वितळवणं-दळणं. लॅपटॉप किंवा फोनच्या आयुष्यभराच्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो. चालू लॅपटॉप दळून त्यातलं तांबं आणि सोनं काढलं तरी चिप बनवताना खर्च झालेली वीज आणि पाणी परत येत नाही.

आणि चालू वस्तू दळल्या जातात, भरपूर दळल्या जातात. त्याचं एक कारण इतकं क्षुल्लक आहे की डोक्याला हात लावावा: जुन्या मालकाने आपलं खातं काढलेलं नसतं! फोन पासवर्ड मागतो, मालक सापडत नाही, दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीने तो फोन म्हणजे वीट. देण्याआधी खात्यातून बाहेर पडा, हरवलेला फोन शोधायच्या सोयीचं ‘फाइंड’वालं कुलूप काढा, मग रीसेट करा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं कारण ऑफिसांमधलं. माहिती बाहेर जाईल या भीतीने शेकडो चांगल्या मशीन ड्रिलने भोकं पाडून फेकल्या जातात. भीती खोटी नाही. नुसतं क्विक फॉरमॅट मारलं तर फाइल पुसली जात नाही, फक्त तिचा पत्ता पुसला जातो. पण त्यावर उपाय आहेत. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सगळीकडे नव्याने लिहिता येतं, एसएसडीसाठी, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या डिस्कसाठी, तिची स्वतःची सिक्युअर इरेज (पूर्ण पुसण्याची) आज्ञा असते, आणि डिस्क पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे मजकूर सांकेतिक करून ठेवलेली असेल तर तो उलगडणारी किल्ली नष्ट केली की आतला मजकूर कोणालाच वाचता येत नाही. डिस्कमध्येच बिघाड असेल तर ती एकटी तोडा. तिच्यासाठी पडदा, रॅम, कीबोर्ड, चार्जर अशा सगळ्यांना फाशी कशाला? ऑडिटवाल्यांना तोडल्याचा फोटो आवडतो, हे मला माहीत आहे. पुसल्याचा प्रत्येक सिरियल नंबरनिहाय दाखलाही मिळतो, तो मागा.

ऑफिसची खुर्ची कधी उलटी करून बघितली आहे? पाच पायांच्या प्लॅस्टिकवर, चाकाच्या जवळ, बारीक उठावाची अक्षरं असतात: पीए ६ जीएफ ३०, किंवा तसलंच काही. अर्थ असा की हे नायलॉन आहे आणि त्यात ३० टक्के काचेचे तंतू आहेत. मजबुतीला उत्तम, पण साध्या प्लॅस्टिकच्या ढिगात ते चालत नाही. मधल्या दांड्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, तो हौसेने कापायला जाऊ नका. एवढ्या प्रकारचा माल एकत्र जोडलेला असल्यामुळे खुर्ची फोडून सामान काढणं आतबट्ट्याचं होतं. पण बहुतेक खुर्च्यांत बिघडलेला असतो तो फक्त हा दांडा, नाहीतर एखादं चाक, आणि दोन्ही सुटे मिळतात. फर्निचरमध्ये पार्टिकल बोर्डची कपाटं मात्र खरोखर नाठाळ. भुसा आणि रेझिनचा तो माल एकदा उघडला की स्क्रूची भोकं ढिली होतात. शक्य असेल तर न उघडता आहे तशीच पुढच्या माणसाला द्या, आणि उघडलीच तर स्क्रूची पिशवी दाराला चिकटवून द्या.

आता गाडीवाल्याचा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. उरलेल्यातलं काही घरात पडून असतं, काही खड्ड्यात जातं, काही सीमा ओलांडतं. चीनमधलं ग्वीयू आणि घानामधलं अगबोगब्लोशी ही ई-कचरा फोडण्याच्या ठिकाणांची नावं त्यातूनच जगाला कळली. तांब्यासाठी केबल जाळायच्या, आणि केबलवरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या धुरातून डायऑक्सिन हे विष श्वासात घ्यायचं. घातक कचऱ्याच्या आयात-निर्यातीवर बंधनं घालणारा बासेल करार १९८९ चा, पण ‘वापरलेला माल’ अशी चिठ्ठी लावून कचरा निसटत राहिला. १ जानेवारी २०२५ पासून सगळाच ई-कचरा, घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीशिवाय पाठवता येत नाही. नियम चांगला आहे, अंमल बघायचा. म्हणून माझा प्रश्न एवढाच असतो: ‘तुमच्याकडून पुढे कोणाकडे जातं, आणि त्याचा कागद मिळेल का?’ चांगला माणूस या प्रश्नावर चिडत नाही. उलट कुठला माल कुठे जातो ते मोजून सांगतो, आणि गादी नको म्हणतो.

गादी नको म्हणणारा प्रामाणिक असतो, कारण स्प्रिंगची गादी यंत्रात अडकते, आणि ती उसवून स्टील, फोम, कापड वेगळं करायला हातच लागतात. त्या हातांची मजुरी द्यायची कोणी? जपानमध्ये २००१ पासून टीव्ही, फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन टाकताना ग्राहक शुल्क भरतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकटने २०१३ मध्ये गाद्यांसाठी कायदा केला, त्यात शुल्क नवी गादी विकत घेतानाच द्यावं लागतं. मला दुसरी पद्धत पटते. नवी वस्तू घेताना माणूस खूश असतो, थोडे जास्त पैसे सुटतात. टाकताना तोच माणूस वैतागलेला असतो, आणि पैसे मागितले तर रात्री गादी पुलाखाली नेऊन टाकतो. कंपन्या म्हणतात किंमत वाढेल. वाढू दे. आत्ताही ती कोणीतरी भरतंच आहे, फक्त बिलावर दिसत नाही.