अडीच लिटर पाण्यात एक किलोचा मासा?

मंगळवारी रात्री धाकट्या दिरांचा निरोप आला. "वहिनी, हे वाचा आणि किती टाक्या घेऊ ते सांगा." खाली बायोफ्लॉक मत्स्यपालनाचा तोच लांबलचक मजकूर होता, जो महिन्याभरात मला आणखी चौघांनी पाठवलाय. तोवर मी वाचून सोडून देत होते. पण दीर माण तालुक्यात राहतात, दोन वर्षं डाळिंबाने मारलंय, आणि जाऊबाईंच्या पाटल्या गहाण ठेवायचं घरात ठरत आलंय. आता गप्प बसणं शक्य नाही. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, गेली बारा वर्षं शेतकऱ्यांना मत्स्यपालन शिकवते, आणि माझ्याच घरात ही गत आहे.

बायोफ्लॉक म्हणजे टाकीतल्या पाण्यात जिवाणू वाढवून, त्यांच्याकडून माशांची घाण फस्त करवून मासे वाढवायची पद्धत; त्या जिवाणूंचे गोळे म्हणजे फ्लॉक. मजकुराचा सारांश असा: ४ मीटर व्यासाच्या एका बायोफ्लॉक टाकीत ५,००० मासे सोडा. सहा महिन्यांत प्रत्येक मासा १ किलोचा. फ्लॉक हेच खाद्य, त्यामुळे खाद्याचा खर्च नाही. पाणी बदलायचं नाही, रोज मूठभर गूळ टाकायचा. मागूर टाकला तर कोंबडीच्या दुकानातला कचरा फुकट चालतो. खेकडे, शिंपलेही होतात. सरकार सगळा खर्च देतं, उत्पन्नावर कर नाही. शिकायला कुठे जायची गरज नाही, व्हिडिओ पाहा आणि सुरू करा.

आधी तो पहिला आकडा. ४ मीटर व्यासाच्या टाकीत मीटरभर पाणी भरलं तर ते साधारण साडेबारा हजार लिटर होतं. त्यात ५,००० मासे म्हणजे प्रत्येक माशाच्या वाट्याला अडीच लिटर पाणी. बाजारातून किलोचा मासा आणून अडीच लिटरच्या पातेल्यात ठेवून बघा. साडेबारा टन पाण्यात पाच टन मासे! ज्याने हे लिहिलं त्याने एकदाही टाकीत हात घातलेला नाही. चांगला सरावलेला माणूस, हवा अखंड चालू असताना, अशा टाकीतून दोनशे-अडीचशे किलो काढतो. नवखा त्याच्या निम्मे काढू शकला तरी मी त्याची पाठ थोपटते.

आता "खाद्य लागत नाही". या पद्धतीचा शास्त्रीय पाया ज्यांनी घातला त्यांतलं मोठं नाव म्हणजे इस्राएलचे योराम अवनिमेलेक. त्यांचा १९९९चा निबंध आम्हाला वर्गात ओळ न् ओळ समजावून दिला होता. त्यात काय आहे? तिलापिया माशांच्या तळ्यांत ३० टक्के प्रथिनांऐवजी २० टक्के प्रथिनांचं खाद्य दिलं आणि वरून कर्बोदकं टाकली. जिवाणूंनी पाण्यातला अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून येणारं विष, खाऊन स्वतःची वाढ केली, ते जिवाणू माशांनी खाल्ले, खाद्याचा खर्च उतरला. उतरला, संपला नाही. खाद्य रोज टाकावंच लागत होतं.

का, ते हिशोबाने सांगते. १ किलो खाद्यात ३० टक्के प्रथिनं धरली तर ३०० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम नायट्रोजन. त्यातला जेमतेम पाव भाग माशाच्या अंगी लागतो. उरलेला ३६ ग्रॅम पाण्यात. दोनशे किलो मासे असलेल्या टाकीत दिवसाला ४ किलो खाद्य गेलं, तर रोज लिटरमागे ११ मिलिग्रॅमहून जास्त नायट्रोजनची भर पडते. यातला बराचसा अमोनियाच होतो. तो आवरण्यासाठी त्याच निबंधातलं सूत्र आहे: १ ग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे साधारण २० ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे जिवाणू पाण्यात नीट स्थिरावेपर्यंत गूळ किलोच्या हिशोबात जातो, मुठीच्या नाही. आणि गूळ वाढवला की जिवाणू वाढतात. तेही श्वास घेतात. माशांच्या वाटचा प्राणवायू तेच आधी ओढतात.

म्हणून बायोफ्लॉकमध्ये ब्लोअर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारं यंत्र, बंद पडणं म्हणजे काय, ते व्हिडिओत कळत नाही. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे शिकून गेलेल्या एकाच्या शेडवर रात्री दोनला वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती. तो साडेतीनला उठला तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडत होते, पावणेपाचला तरंगत होते. चार महिन्यांचं काम, आणि ते मासे बाजारात नेण्याजोगेही राहिले नाहीत. त्याच्या आईने मला फोन केला तेव्हा तिला काय सांगावं ते सुचेना. त्या मजकुरात विजेबद्दल एक शब्द नाही. माणमध्ये, शेतीच्या फीडरवर!

आणखी एक, कारण हे दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. व्हिडिओत सांगतात, सामू (पाण्याचा पीएच) उतरला की चुना टाका. बायोफ्लॉकमध्ये सामू उतरतो हे खरं. पण अमोनियाचं विष सामूवर ठरतं. पाणी ३० अंशांचं आणि सामू ७ असेल तर अमोनियातला विषारी भाग एक टक्काही नसतो. तोच सामू ९ वर गेला की निम्म्याच्या जवळ जातो. टेस्ट किटवर आकडा तोच, कालपर्यंत मासे मजेत, आज चुन्याचं एक घमेलं जास्त पडलं आणि टाकी मेली. चुना किती, कधी, अमोनिया आधी मोजला का, हे हाताने करून शिकावं लागतं.

मागूरबद्दल लिहिताना मला खरंच राग येतोय. मजकुरात नुसतं "मागूर" लिहिलंय. आपला देशी मागूर वेगळा, तो चांगला मासा आहे आणि त्याला बंदी नाही. पण कोंबडीच्या कचऱ्यावर भराभर वाढवतात तो थाई मांगूर, मूळचा आफ्रिकेतला. भारतात त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाचे आदेशही त्याच्याविरुद्ध आहेत. ठाणे जिल्ह्यात, उजनीच्या परिसरात मत्स्य विभागाने अशी तळी नष्ट केलेली आहेत. हा मासा हवेतून श्वास घेतो, त्यामुळे सडक्या पाण्यातही टिकतो, आणि समोर येईल तो मासा गिळतो. एका पुरात तो ओढ्यात गेला की तिथले देशी मासे त्याच्या तावडीत सापडले. सडकं मांस खाऊन वाढलेला तो मासा शेवटी कुणाच्या तरी ताटातच जातो. आणि टाकी नष्ट झाली तर नुकसान टाकीवाल्याचं. मजकूर लिहिणारा तोवर दुसरं काही पसरवत असेल.

खेकडे आणि शिंपल्यांवर फार लिहीत नाही. चिखलातले खेकडे कात टाकतात तेव्हा मऊ पडतात आणि शेजारचा त्यांना खातो, म्हणून त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. शिनाणे आणि कालवं हे शिंपले खाडीच्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात, त्यांना भरती-ओहोटीचं खारं पाणी लागतं. सिंधुदुर्गात ते दोरांवर, मांडवांवर होतं, आणि छान होतं. माणमध्ये बोअरच्या पाण्यावर होत नाही.

पैशांचं अर्धसत्य आहे, ते मान्य करते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बायोफ्लॉकला अनुदान आहे: सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. "सगळा खर्च" कुठेच नाही. त्याच योजनेत ७ टाक्यांच्या लहान प्रकल्पाचा खर्च साडेसात लाख धरलाय, म्हणजे टाकीमागे लाखभर. मजकुरात टाकी २५ हजारांत बसवलीय. २०२५मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, हेही खरं. पण आयकर केंद्राचा आहे, राज्याच्या त्या निर्णयाने तो माफ होत नाही.

आणि हो, पाणी कमी लागतं, हा मुद्दा बरोबर आहे. मनाविरुद्ध लिहितेय, कारण याच एका खऱ्या वाक्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपतं. दुष्काळी भागातल्या माणसाला हे वाक्य वाचून पुढचं दिसेनासं होतं. दिरांना मी दोष देत नाही.

भाऊजी, पाटल्या घरातच राहू द्या. तुमच्या शेततळ्यात जानेवारीपर्यंत पाणी टिकतं, तर यंदा पाऊस लागला की मोठी बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) घेऊन थोडे रोहू-कटला सोडा आणि एक हंगाम त्यांच्यामागे काढा. बायोफ्लॉकच करायचं असेल तर सातारच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात प्रशिक्षणाची चौकशी करा, आणि त्याआधी माझ्याकडे आठ दिवस राहायला या. पहाटे चारला उठायचं, प्राणवायू मोजायचा, अमोनिया मोजायचा, वहीत लिहायचं. येताना बोअरचं पाणी दोन लिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून आणा. सामू आणि क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे सामू सावरून धरायची पाण्याची ताकद) आपण इथेच बघू.