आजार चामडीचा, मग रक्त काहून?

आज नागपूरच्या धंतोलीत एका लॅबच्या काउंटरवर एका बापाने मुलाच्या हातून रक्त तपासणीची चिठ्ठी ओढून घेतली. "आजार चामडीचा हाय ना बा, मंग रक्त काहून काढता?" पोरगं विशीतलं, सोरायसिस झालेलं, या उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. दोघं निघून गेले. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

सोरायसिस दिसतो कातडीवर, पण बिघाड आतला. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते. महिनाभराने बदलणारी कातडी चार-पाच दिवसांत वर येते, म्हणून ते पापुद्रे. आतली ती सूज कातडीपुरती राहत नाही. रक्तात सूज दाखवणारे सीआरपी, ईएसआर हे आकडे वाढू शकतात, सांधे धरतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. 2014 मध्ये जागतिक आरोग्य सभेने या आजारावर ठराव केला, आणि आपल्याकडे अजून "दुधावर मासे खाल्ले असतील" चाललंय!

माझ्या दादालाही सोरायसिस. त्याचं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलं होतं. साबण लावूनही अंगठी निघेना. सकाळी शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायची. आणि डॉक्टर म्हणाले काय, तर सीआरपी नॉर्मल आहे, संधिवात नाही. झालं, पाठवलं घरी! अहो, सोरायसिसच्या संधिवातात कित्येकांचा सीआरपी नॉर्मलच येतो. बोटाकडे बघायचं होतं ना! नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते, तेही कोणी पाहिले नाहीत. शेवटी सोनाराकडून अंगठी कापावी लागली. बोट आजही पूर्ण मिटत नाही.

मान्य, सीआरपी डेंग्यूतही वाढतो, वजन जास्त असलं तरी वाढतो. एका आकड्यावरून सोरायसिस ठरत नाही. पण म्हणून तपासायचंच नाही?

त्या बापावर तरी किती चिडायचं? चिठ्ठी लिहिणाऱ्याने दोन मिनिटं बसवून सांगितलं असतं, तर तो असा निघून गेला नसता. लेकराच्या काळजीनेच आला होता ना तो इथवर.

तुमच्या घरी कोणाला सोरायसिस असेल तर विचारा, सकाळी बोटं आखडतात का, टाच दुखते का, नखांवर खड्डे पडलेत का. दादाला हे कोणी विचारलंच नव्हतं. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि रिपोर्ट चांगला आला पण सांधा सुजलेलाच असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवा म्हणून हट्ट धरा. भांडावं लागलं तर भांडा.